दोन गडग्यांमधलं गवत

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या वाडीतलं कुणीतरी सांगेलच. माझ्या थोरल्या चुलत जाऊबाई माझ्याहून तिखट, पण ते सांगायला लागत नाही. त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की कळतं.

आमची हापूसची कलमं आणि त्यांची काजूची झाडं शेजारी शेजारी, सड्याखालच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराखालच्या उतारावर. दोन्ही बागांना कुंपण म्हणून जांभ्या दगडाचे गडगे, आणि दोन गडग्यांच्या मध्ये आठेक हात रुंदीची पट्टी. ती पट्टी कुणाची, यावर आमच्या सासऱ्यांपासून दावा चालू आहे. माझे सासरे गेले, त्यांचे गेले, दावा अजून धडधाकट आहे. दोघींचे नवरे मुंबईला नोकरीला. तिथे ते दोघे एकमेकांकडे गणपतीला जातात, मोदक खातात. इथे आम्ही दोघी मात्र नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो. दावा त्यांचा, अबोला आमचा.

माघ संपता संपता सड्यावरचं गवत कडकडीत वाळतं आणि वणव्याची धास्ती सुरू होते. मग बागेतला पातेरा, म्हणजे सुका पाला, झाडून काढायचा. कडेने गवत कापून चार-पाच हात जमीन उघडी ठेवायची. फवारणीचं पिंप पाण्याने भरून ठेवायचं. मी बागेच्या तीन बाजू अशा लख्ख करायची की पाट मांडून जेवायला बसावं. गडग्यावरून डोकावून बघायची, तर जाऊबाईंच्याही तीन बाजू तशाच. मग मी अजून एकदा झाडायची.

चौथी बाजू म्हणजे ती पट्टी. तिथे कोयती लावायची नाही, असं दोन्हीकडच्या वकिलांनी बजावलेलं. जो कापील त्याने वहिवाट सांगितली असं होणार, आणि दुसरा लगेच तक्रार करणार. त्यामुळे गवत कमरेएवढं वाढायचं आणि तिथेच वाळायचं. दोन शहाण्या बायकांच्या मध्ये, सड्यापासून थेट घरांपर्यंत, अशी वात घालून ठेवलेली. नऊ वर्षांत एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

शिमगा होऊन आठवडा झाला होता. दुपारी मी पडवीत कुळीथ निवडत बसले होते. अर्धी वाडी लग्नाला गेलेली. जळका वास आला म्हणून वर पाहिलं तर सड्यावर धूर, आणि वारा समुद्राकडून, म्हणजे सड्यावरून सरळ आमच्याच अंगावर. कुणी लावला, कसा लागला, कोण जाणे. बागेत कैऱ्या अंड्याएवढ्या झालेल्या. कोयती घेतली आणि धावले.

आग माझ्या झाडलेल्या कडेशी येऊन थबकली. त्यांच्याही कडेशी थबकली. आणि मग मुकाट पट्टीत शिरली.

जाऊबाई आधीच पट्टीत होत्या. पदर खोचून, आगीच्या बऱ्याच खाली, आडवं गवत कापत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघत काय राहिलीस? काप."

नऊ वर्षांनी बोलल्या ते हे. आणि माझी जीभ मेली अशी, की मी म्हटलं, "कापलं तर वहिवाट होईल ना?"

"मी तुझ्या बाजूचं कापतंय," त्या म्हणाल्या, "तू माझ्या बाजूचं काप. मग बघू दे कोर्टाला, कोणाची होते ती."

कापलं. कापलेलं ओढून लांब टाकलं, पिंपाचा पाइप ओढून आणला, ओल्या टहाळ्यांनी झोडपलं. आग त्या मोकळ्या पट्ट्याशी येऊन विझली. पण तोवर वरच्या अंगाला ज्वाळा गडग्यावरून आत वाकल्या होत्या. त्यांची चार झाडं गेली. माझी नऊ कलमं होरपळली. लग्न होऊन आले त्या वर्षी डोक्यावरून पाणी आणून जगवलेली ती कलमं. मी तिथेच फतकल मारून रडायला लागले.

जाऊबाईंनी खाली पडलेल्या कैऱ्या पदरात गोळा केल्या आणि माझ्यासमोर ओतल्या. "अगो, भाजायचा त्रास वाचला. पन्हं कर."

मला रडता रडता हसू आलं. पन्हं त्यांच्याच पडवीत बसून प्यायलो.

तेव्हापासून दरवर्षी माघात आम्ही पट्टी साफ करतो. त्या माझ्या बाजूची, मी त्यांच्या. नवऱ्यांना सांगितलं नाही. सांगून त्यांनी काय उजेड पाडला असता?

यंदा जाऊबाईंचे गुडघे गेले. उठायलाही हात द्यावा लागतो. मी एकटीनेच दोन दिवस खपून दोन्ही बाजू कापल्या. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, आणि दमले होते, तोंडून निघून गेलं.

"सगळी पट्टी? एकटीने?" तो एवढा खूश झालेला मी लग्नातही पाहिला नव्हता. "फोटो काढून पाठव. वहिवाटीचा पुरावा होईल. यंदा निकाल आपलाच."

रात्री मला नीट झोप लागली नाही. नऊ कलमं डोळ्यांसमोर येत होती, आणि पदरातल्या कैऱ्या.

सकाळी जाऊबाईंना हाताला धरून हळूहळू पट्टीत नेलं, गडग्यावर बसवलं आणि हातात कोयती दिली.

"अगो, यंदा मी कुठे काय कापलंय?"

"गप बसा. इकडे बघा."

त्यांनी पदर सारखा केला, कोयती ताठ धरली. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला आणि खाली लिहिलं: हा घ्या पुरावा. यंदाचं गवत जाऊबाईंनी कापलं.