वरच्या मारुतीचे तेल

सर्व लहानथोर मंडळींनी उभे राहावे, टोप्या-पागोटी सारखी करावीत आणि खोकला आवरावा. मी एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करीत आहे. प्लेग यायच्या दोन वर्षे आधी, कर्जत तालुक्यात, एका शनिवारी भर दुपारी, एक पितळी वाटी कोरडी पडली.

बसा आता. आणि हसू नका. त्या वाटीपायी एका भल्या माणसाचे धोतर गेले, माझ्या पाठीची सालपटे निघाली, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा दोन हातांनिशी घरी जातो की एकाच हातानिशी, असा प्रसंग उभा राहिला.

कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा भाताची एक गिरणी होती. बाहेर बंब, त्याला जोडलेले वाफेचे इंजिन, इंजिनाला माणसाच्या दीडपट उंचीचे जड चाक, आणि आत छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा लोखंडी दांडा. दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली उतरत आणि भात सडण्याची, पाखडण्याची यंत्रे फिरवीत. हा दांडा पाच ठिकाणी टेकलेला असे. प्रत्येक टेकूत दोन अर्ध्या पितळी वाट्या, त्यांच्या मिठीत दांडा, आणि मधे एरंडेलाचा पातळ थर. साहेबलोक त्याला बेअरिंग म्हणत, आम्ही बेरिंग म्हणत होतो. तेलाचा थर आहे तोवर दांडा लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो. थर गेला की लोखंड पितळेला खायला लागते.

मी तिथे तेलवाला होतो. हातात लांब चोचीची झारी, आणि दिवसभर पाच शिड्या चढायच्या, पाच शिड्या उतरायच्या. टेकूवर तळहात ठेवायचा आणि मनात दहा म्हणायचे. दहापर्यंत हात टिकला तर ठीक. सहालाच उचलावा लागला तर तेल. तीनला उचलावा लागला तर मिस्त्रीच्या नावाने बोंब.

मिस्त्री म्हणजे रेल्वेच्या शेडात घडलेला माणूस. डाव्या हाताची दोन बोटे घाटातल्या कुठल्याशा इंजिनाने खाल्लेली, आणि राग असा की बंबाला विस्तव नसता तर त्याच्यावर गिरणी चालली असती. पाचांतले मधले बेरिंग फार हावरट होते, दर तासाला तेल मागायचे. ते कुणी विसरू नये म्हणून मिस्त्रीने त्याला एके दिवशी शेंदूर फासला. झाले! लाल अंग, वरून तेल ओघळतेय. पाखडणीवरच्या बायका येताजाता हात जोडू लागल्या. आठवड्याभरात सगळी गिरणी त्या बेरिंगला मारुती म्हणू लागली. मिस्त्रीसुद्धा.

आता दाजी. माझ्या बहिणीचा नवरा. अंगाने पहिलवान, मनाने गाय. शेत भावांकडे देऊन ते गिरणीत आले, आणि मीच त्यांना चिकटवले. बहीण तेव्हा माझ्या दारात येऊन उभी राहिली होती. कारण माझ्या आधीच्या तेलवाल्याचा हात त्याच दांड्याने कोपरापासून नेला होता, आणि ते तिला ठाऊक होते.

"दादा, तू ह्यांना नेतोस. ने. पन जसं नेलंस तसं मला परत आनून दे. दोन हात, दोन पाय. मोजून घेईन."

"अगं, पोती उचलायचं काम हाय."

"मोजून घेईन," ती म्हणाली.

दाजींना येऊन चौथा दिवस. शनिवार. बाहेर बंबाच्या पाण्याची नळी गळायला लागली म्हणून मिस्त्रीने मला तिकडे पिटाळले. जेवणाची वेळ होत आली होती. बायका अंगणात भाकऱ्यांची फडकी सोडून बसल्या होत्या. मिस्त्रीही जेवायला बसायच्या बेतात होता. त्याने झारी उचलून दाजींच्या हातात दिली.

"ए पैलवान! मारुतीला तेल घालून ये. आणि हात आखडू नकोस. थेंब कमी पडला तर हाडं मोडीन!"

शनिवारी मारुतीला तेल घालायला सांगितल्यावर सज्जन माणूस काय करील? दाजींनी पायातल्या वहाणा काढल्या, झारी दोन्ही हातांत धरली, आणि अनवाणी निघाले, ते थेट गावाबाहेरच्या मारुतीच्या देवळाकडे. मैलभर उन्हात.

मी बंबापाशी नळी आवळत होतो. आधी एक बारीक किंकाळी आली, डुकराचा पाय फाटकात अडकावा तशी. मग ती वाढत वाढत इतकी झाली की झाडावरचे कावळे उडाले. मी आत धावलो. मधल्या टेकूतून निळा धूर निघत होता आणि जळक्या एरंडेलाची घाण सगळीकडे पसरली होती. मिस्त्री शिडीवर होता. त्याने सवयीने तळहात टेकवला होता. एकसुद्धा म्हणायला अवधी मिळाला नाही, कातडी तिथेच राहिली.

"तेल! झारी कुठाय?"

झारी एकच. तिचा कोनाडा रिकामा. तेलाच्या पिंपाच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली घेऊन कारकून स्टेशनावर गेलेला.

"वाफ बंद! वाफ बंद कर!" मिस्त्री ओरडला. आगवाल्याने वाफ तोडली. पण ते बाहेरचे चाक असे ऐकत नाही. वाफ गेली तरी आपल्या वजनाने ते गरगरतच राहते, आणि दांड्याला बरोबर ओढते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तापलेल्या बेरिंगवर पाणी घालायचे नसते, हे तेलवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. मला शिकवले होते. मीही दाजींना शिकवले होते, मारुती कुणाला म्हणतात तेवढे सांगायचे राहिले होते. तरीसुद्धा मी काय केले? बायकांच्या प्यायच्या पाण्याची घागर उचलली, रचलेल्या पोत्यांवर चढलो आणि उपडी केली.

"पाणी नको रं गाढवा—" एवढे मी ऐकले.

बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. टेकू मधोमध तडकला. दांडा दोन बोटे खाली बसला आणि उसळू लागला. सडायच्या यंत्राचा पट्टा उडाला, हवेत नागासारखा वळला, पाखडणीची लाकडी पेटी एका फटक्यात फोडली आणि परतताना माझी पाठ सोलून गेला. अजून थंडीत ती रेघ ठणकते. मी अजून ओरडलोही नव्हतो, तेवढ्यात मिस्त्री ओरडला.

दांड्याच्या सांध्याला बोल्ट असतात. मिस्त्री सगळ्यांना काचा घट्ट मारायला लावी, सुटे टोक दिसले की कानफटात देई. पण जेवायला बसायचे म्हणून त्याने स्वतःचा काचा सोडला होता. ते टोक बोल्टाने धरले. दांडा फिरतोय, धोतर गुंडाळतेय, मिस्त्री वर ओढला जातोय. त्याने तुळईला मिठी मारली. त्याच्या मांडीवरची कातडी त्या सांध्याने किसणीवर खोबरे किसावे तशी काढली. मी पोत्यांवरून उडी घेतली आणि त्याच्या कमरेला लोंबकळलो. त्या क्षणी त्या माणसाचे दोन मालक होते, वर दांडा आणि खाली मी, आणि दोघेही सोडायला तयार नव्हते.

शेवटी धोतराने हार खाल्ली. टर्रकन फाटले आणि आम्ही दोघे भाताच्या पोत्यांवर आदळलो. माझ्या खाली पोते फुटले, माझ्यावर मिस्त्री. वर ते धोतर विजयी निशाणासारखे चार फेरे फिरले, आणि मग दांडा कण्हत कण्हत थांबला.

मिस्त्री उठला. कपाळातून रक्त, मांडीतून रक्त, हातावर फोड, आणि कमरेला कुणीतरी फेकलेले गोणपाट. त्याने कोपऱ्यातला हातभर लांब पाना उचलला.

"झारी कुनाकडं दिली होती मी?"

दारात दाजी उभे होते. कपाळाला शेंदूर, एका हातात रिकामी झारी, दुसऱ्या हातात नारळाची वाटी, आणि चेहऱ्यावर असे समाधान की मला रडू आले.

"मिस्त्री, थेंब नाय ठेवला. समदी झारी घातली. मूर्ती कशी झळकाय लागली, बघाल तर—" मग त्यांचे लक्ष गोणपाटाकडे गेले. "तुमचं धोतर कुठाय?"

मिस्त्रीची पहिली थप्पड त्या 'कुठाय'वरच पडली. दुसरीने नारळाची वाटी उडाली. मग लाथा सुरू झाल्या. मी मधे गेलो, तर माझ्या सोललेल्या पाठीत कोपर बसले आणि मी खाली. दाजींनी मनात आणले असते तर एका हाताने मिस्त्रीला बंबात टाकले असते. पण मिस्त्री वडीलधारा, म्हणून ते नुसते मार खात होते आणि "काय चुकलं? देऊळ चुकलं काय?" असे विचारत होते.

"वरचा! वरचा मारुती रं, हरामखोरा!" मिस्त्रीने तडकलेल्या टेकूकडे पाना रोखला. दाजींनी वर पाहिले. शेंदूर दिसला, भेग दिसली, धोतराच्या चिंध्या दिसल्या. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

"हात पुढं कर," मिस्त्री म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि तेच वाईट होते. "ज्या हातानं तेल वतलंस तो हात. कर पुढं. मोडूनच टाकतो."

आणि माझ्या आयुष्यात मी पाहिलेल्या सर्वांत मूर्ख आणि सर्वांत प्रामाणिक माणसाने उजवा हात पुढे केला. बाही सरकवून.

पाना वर गेला. मी उठायला गेलो आणि भातावरून घसरलो. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून भाकरीचे गाठोडे सणसणत गेले आणि मिस्त्रीच्या तोंडावर फुटले. कालवण त्याच्या डोळ्यांत गेले. बहीण जेवण घेऊन आली होती. पदर खोचत ती आत घुसली, तिने दोन्ही हातांनी पाना धरला, मिस्त्रीच्या नडगीवर टाच हाणली, पाना हिसकला आणि नवऱ्याच्या पुढे उभी राहिली. तिने एकदा मिस्त्रीकडे पाहिले, एकदा नवऱ्याच्या कपाळावरच्या शेंदराकडे, एकदा रिकाम्या झारीकडे. सगळी हकीगत तिला तेवढ्यात कळली असावी, कारण पाना तिने खाली ठेवला नाही. नुसती अर्धी वळली, म्हणजे दोघेही आता पान्याच्या टप्प्यात आले, आणि साऱ्या गिरणीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"ह्यांचा हात मोडायचा आसंल तर मी मोडीन! नवरा माझा हाय!"