तुमचा काटा खोटा हाय

"तुमचा काटा खोटा हाय, सिस्टर!"

डायलिसिसआधी वजन करायला काट्यावर चढले की मामांचं पहिलं वाक्य हेच. हुपरीत पैंजण घडवण्यात त्यांची हयात गेलेली. चांदी तळहातावर ठेवून वजन सांगणारा माणूस. तुम्हीच सांगा, आमच्या गंजक्या काट्याला काय जुमानणार?

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. त्यांची मूत्रपिंडं निकामी, त्यामुळे प्यायलेलं सगळं अंगातच साठायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चहा-आमटी धरून दिवसाला अर्धा लिटर. मामांनी त्यासाठी चांदीची इवलीशी वाटी घडवली. "धा वाट्या. अकरावी न्हाय!"

आजाऱ्याला भेटायला आपल्याकडे रिकाम्या हातानं कोण येतं? जो तो शहाळं आणायचा. मामांना ते विषासारखं. पण नको म्हणतील तर शपथ! हसून घ्यायचे आणि एस.टी.नं आमच्याकडे आणायचे. "प्या की, मी बघतो." आम्ही प्यायचो, ते आमच्या गळ्याकडे बघत बसायचे.

एका सोमवारी ते धापा टाकतच आले. मुलीला बघायला पाहुणे आले होते, दोन दिवस राहिले होते.

"बापाला असला रोग हाय कळलं तर पोरीचं कसं जमायचं? त्यांनी सरबत घेतलं, मी घेतलं. च्या घेतला, घेतला. वर तांबडा-पांढरा रस्सा. पावण्यांम्होरं वाटी काढू व्हय?"

"अहो, जीव जाईल ना!" मी तोंडच सोडलं.

"पोरगी पसंत पडली की!"

काट्यावर चढवलं. साडेतीन किलो जास्त. मी त्यांच्या वाक्याची वाट बघत होते.

"आज काटा खरा हाय," ते म्हणाले.

मशीन लावलं, पण छाती पाण्यानं भरली होती. दुपारी मामा गेले. मी रडले, लाज कसली त्यात?

संध्याकाळी एक गृहस्थ दोन शहाळी घेऊन दारात उभे. मुलाचे वडील. "आमचं व्याही कुठल्या खाटंवर हाईत?"

"त्यांचा आजार तुम्हाला कुणी सांगितला?"

"आधीपासनं ठावं हुतं की. माझी भन हुपरीतच दिलीया. पोरगी चांगली हाय, मग काय?"

"मग एवढं पीत का बसलात हो त्यांच्यासोबत?" मी ओरडलेच.

"ते आग्रह करत हुते. न्हाय म्हटलं असतं तर आमाला कळलंय हे त्यांनी वळखलं असतं. वाईट वाटलं असतं त्यांना."

मी खाट दाखवली. चादर बदलून झाली होती. गृहस्थ शहाळी हातात धरून तसेच उभे राहिले. "प्या की, मी बघतो," म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.