वामनअण्णा खाली आल्याशिवाय

“फ्यूज दे इकडे.” शॉप मॅनेजर साहेबांनी हात पुढे केला.

“नाही देणार, साहेब.”

ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. सातपूरच्या कारखान्यात लागून मला पाच महिने झाले होते. आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट, वणीहून आणलेली एक ट्रंक आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन, एवढीच माझी मिळकत. कन्फर्म व्हायला याच साहेबांची सही लागणार होती.

आमच्या शॉपच्या शेडमधली क्रेन, म्हणजे छताखालून रुळांवर चालणारी यारी, सकाळपासून अडत होती. भिंतीला उंचावर तांब्याच्या उघड्या पट्ट्या असतात, त्यांवरून ती वीज घेते. त्यातला एक जोड ढिला झाला होता. तो आवळायला वामनअण्णा वर चढले. अण्णा विंचूरचे. आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही, पण पंधरा वर्षांचे वायरमन. मी खाली त्या पट्ट्यांना वीज देणाऱ्या पॅनेलमधले तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले. स्विच कुणीही चालू करू शकतो, म्हणून ही पद्धत. जो वर आहे त्याने स्वतः खाली येऊन मागितले, तरच फ्यूज परत लावायचे.

अर्धा तास गेला. बाहेर ट्रक उभा होता, त्यात याच क्रेनने मशीन चढवायचं होतं.

“काम झालंय. वामनला मी आत्ताच कँटीनकडे जाताना पाहिलं,” साहेब म्हणाले.

“मला ते भेटले नाहीत.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

“तसं नाही. पण अण्णा आले की लावतो.”

मी वर हाका मारल्या. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या दणदणाटात कोण ऐकतंय! क्रेनच्या गर्डरआड काही दिसतही नव्हतं. नोकरीची भीती होती, कबूल करतो. पण भीतीपेक्षा संताप जास्त होता. कन्फर्मेशनचा धाक घालून हा माणूस दुसऱ्याच्या जिवाचा निकाल लावणार?

“स्टोअरमधून नवे फ्यूज आणा रे!” साहेब गरजले.

मी पॅनेलचं दार लावलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो.

“आधी मला बाजूला करा, मग लावा.”

“उद्यापासून येऊ नकोस!”

“उद्याचं उद्या बघू. आत्ता मी हलत नाही.”

आमची जुंपलेली पाहून प्रेसवाल्याने प्रेस बंद केला. एकदम शांतता झाली, आणि वरून अण्णांचा आवाज आला.

“काय गलका चाललाय रं खाली? पान्हा गर्डरमधी पडला व्हता, लय वेळ गेला. अजून एक नट ऱ्हायलाय!”

त्या क्षणी अण्णांचे दोन्ही हात तांब्यावर होते. कँटीनकडे गेलेला, अण्णांसारख्याच खाकी कपड्यांतला दुसराच कुणीतरी होता. साहेबांचा चेहरा उतरला. ते केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला: वरिष्ठांशी उद्धट वर्तन. लेखी माफी मागा. मी खाली लिहिलं, “माफी मागणार नाही. पुन्हा वेळ आली तर असाच वागेन.” आणि सही ठोकली. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. मग कन्फर्म झालो, त्याच साहेबांच्या सहीने.

आयटीआयमध्ये जोडणी शिकवतात, मोजणी शिकवतात. साहेबाला ‘नाही’ म्हणायचा तास टाइमटेबलात नसतो. ते नोकरीतच शिकावं लागतं. माझी फी तीन महिने पडली. स्वस्तात शिकलो.