खोपटातलं गार जेवण

मे महिन्यात आईचा फोन आला, "एकदा वर येऊन जेवून जा गो." आई असं लाडाने कधी बोलत नाही. शाळेला सुट्टी होती. मी महाडहून सकाळची एसटी पकडली, पोलादपूरच्या पुढे उतरले आणि दीड तास डोंगर चढले. पन्नाशी उलटलेल्या बाईने उन्हात चढावा असा तो चढ नाही.

आमचं वरचं खोपट म्हणजे कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर आणि समोर नाचणीच्या चार पट्ट्या. वडील गेले तरी आई उन्हाळाभर तिथेच राहते, काजूंची राखण करत, दोन म्हशींसोबत. तेव्हा आजूबाजूचं गवत पार वाळलेलं असतं. वारा सुटला की एक ठिणगी पुरते. म्हणून ती पहाटेच चूल पेटवते, सगळं रांधते आणि निखाऱ्यांवर पाणी ओतते. दुपारचं जेवण गारच. लहानपणापासून आम्ही तसंच खात आलो.

तिने पळसाच्या पानावर वाढलं. वाकवली तर मोडेल इतकी गार नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, मिठात चोळलेली कैरी, बुक्कीने फोडलेला कांदा. आणि मडक्यातली ताक घातलेली आंबील, जिच्यासाठी मी कुठलंही गरम जेवण बाजूला सारीन. पहिल्याच घोटाला जीव थंड झाला. नोकरी संपली की आपण इथेच राहायला यायचं, असं मी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. त्याला म्हशींची भीती वाटते, तो प्रश्न वेगळा.

"पोटभर खा," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी खोपट नसायचा. दादानी सगळा पार्टीला इकला."

मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, "माझ्या सहीशिवाय?"

"सही तू दिलीस की. हक्कसोड नाय का केलीस, दिवाळीनंतर?"

हक्कसोड म्हणजे बहिणीने बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला लिहून द्यायचा आणि भावाने दिलेली साडी घेऊन सासरी परतायचं. आमच्याकडे घरोघर चालतं. मी मात्र करणार नाही, असं दादाला तोंडावर सांगितलं होतं.

दिवाळीनंतर तो मुंबईहून आला आणि मला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेला. म्हणाला, बाबांच्या जागी आपली नावं लावायचीत. मी मधल्या सुट्टीत शाळेतून निघालेली, पेपर तपासायचे पडलेले. तो बोट ठेवेल तिथे सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. कारकुनाने विचारलं, "मान्य आहे ना?" मी हो हो म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. पालकसभेत बायकांना मीच सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. बाहेर पायरीवर दादाने साडी हातात ठेवली. भाऊबीजेला त्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून मी ती ओवाळणी समजले. वर त्याला चहा पाजला!

दादाचा संताप आलाच. पण तो तसाच आहे, शाळेत माझ्या वह्यांवर स्वतःचं नाव घालायचा. मी आईकडे पाहत राहिले. हे ऐकवायला तिने मला लाडाने जेवायला बोलावलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"साडी मीच पसंत केली," ती म्हणाली. "तुला मोरपंखी आवडतो ना."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. भाकरी पानावर टाकली. "आई, मी तुझी कोण गं?"

ती आंबील ढवळत राहिली. "तो मला मुंबईला नेतो म्हनला. गुडघे चालत नाय आता. म्हातारपनी मी कुनाच्या दारात जाऊ?"

माझ्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांत तिला तसं मी एकदाही म्हटलं नव्हतं. तरी राग काही उतरेना.

"निदान सही करायच्या आधी सांगायचंस. एक फोन करायचास."

"सांगितला असता," आई म्हणाली, "तर तू केली असतीस काय सही?"