वारेवरचे पांढरे कण

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. नंदुरबारला माझी थोरली जन्मली तेव्हा आलेल्या सुईणीचं नाव मला कधी कळलंच नाही. मुसलमान मोहल्ल्यातली ठेंगणी, जाडजूड बाई. बांगड्या कोपरापर्यंत सारून ती सारखी हसत होती, जणू मला वेणा नाही, तिला गुदगुल्या होत होत्या.

मुलीमागून वार पडली. पुरण्याआधी ती पुरती आली का, हे बघायला सुईणीनं ती परातीत पसरली. तिच्यावर पांढरे, खरखरीत कण होते. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. चुन्यानं पोटातलं मूल भाजतं, म्हणून मला दिवस गेल्यापासून त्यांनी चुन्याची डबी कमरेला खोचून ठेवली होती.

"देख, हिनी चोरीसन चुना खादा!"

मला रडूच फुटलं. सुईणीनं ते कण अंगठ्यानं चोळले आणि ती खदखदून हसली.

"माय, ज्वारीना दाना पिकना का कडक व्हस ना? तशी हाई वार पिकनी. पोरगी पुरा दिवस भरीसन उनी!"

मग हात धुऊन तिनं तोच हात सासूबाईंपुढे पसरला. "आते ती डबी दे. मन्हं पान कोरडं शे."

डबी मिळताच तिनं विडा केला, अर्धा तोडून सासूबाईंदेखत माझ्या तोंडात घातला.

सासूबाई जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मालेबी एक पान लाई दे."

नऊ महिने त्यांनीही बिनचुन्याचंच पान खाल्लं होतं.