एकोणीस कोरी पाने

माझ्या आयुष्यातले एक वर्ष असे गेले की देवावर विश्वास होता, पण स्वतःच्या डोळ्यांवर उरला नव्हता. एखादा आकडा मी वाचत असे, तो बरोबर आहे हे मला कळत असे, आणि मान वळवताच मनात येई, खरेच वाचला का? वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. सुरुवातीला मलाही तसेच वाटले होते. पुढे याच प्रश्नाने माझे नऊ किलो वजन नेले आणि राजीनामा लिहिण्याची वेळ आणली. त्यातून मी कसा बाहेर पडलो ते घडले तसे लिहितो. तो चमत्कार होता की नव्हता, हे ठरवणे माझे काम नाही.

नव्वदीची ती पहिली वर्षे. नाशिककडचे गाव सोडून मी सिल्वासाला आलो होतो आणि नरोलीतल्या सुताच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. सूत गुंडाळलेले बॉबिन खोक्यात भरायचे, खोके सील करायचे आणि त्यावर लॉट नंबरची चिठ्ठी लावायची. दोन लॉटचे, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत काढलेले, सूत डोळ्यांना अगदी सारखे दिसते, पण ते एकत्र विणले तर रंगवल्यावर कापडावर पट्टे उठतात. म्हणून सगळी भिस्त त्या चिठ्ठीवर. सहा वर्षांत माझी एकही चिठ्ठी चुकली नव्हती. सातव्या वर्षी चौदा खोक्यांवर दुसऱ्याच लॉटची चिठ्ठी लागली आणि माल परत आला. मॅनेजरसाहेब गुजराती गृहस्थ. ते ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. ते फक्त म्हणाले, “ध्यान राखजो, भाई.” ओरडले असते तर बरे झाले असते, कारण त्यानंतर मला शिक्षा करणारा मी एकटाच उरलो.

प्रत्येक चिठ्ठी मी तीनदा वाचू लागलो. मग पाचदा, मग सातदा. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून सकाळच्या खोक्यांजवळ जायचो. पाळी तीन वाजता सुटे. पुढच्या पाळीचा माझा जोडीदार धुळ्याकडचा, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगला. मी चार्जच्या रजिस्टरवर सही करायचो आणि तरी तिथेच घुटमळायचो. तो म्हणायचा, “भाऊ, मी आलो म्हणजे तुमची ड्युटी गेली ना? घर काय भाड्यानं देऊन टाकलं का?” पोरे हसायची, मीही हसायचो. टोकरखाड्यातले घर सायकलने पंचवीस मिनिटांवर. तिथे पोहोचायला मला दोन-अडीच तास लागू लागले, कारण अर्ध्या वाटेवर शेवटच्या खोक्याची चिठ्ठी आठवायची आणि मी सायकल वळवायचो. चिठ्ठी दर वेळी बरोबर निघायची. त्याने समाधान व्हायचे ते पुन्हा गेटबाहेर पडेपर्यंतच.

सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, काही निघाले नाही. डॉक्टरांनी विचारले, “कामावर काही त्रास?” मी नाही म्हणालो. खोटे बोललो असे मला तेव्हा वाटले नाही. त्रास म्हणजे साहेब छळतो, पगार अडकतो, यंत्रात हात जातो. चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते, याला कोणी त्रास म्हणत असेल हे माझ्या गावीही नव्हते. घरी पत्नीला सगळे दिसत होते. एकदा मुले शाळेत गेल्यावर ती म्हणाली, “तुम्ही घरी येता, पण अर्धेच. उरलेले तिथेच राहतात.”

त्याच सुमारास आमच्या वसाहतीत दत्ताचे छोटे मंदिर बांधायचे ठरले. मूर्तीच्या आसनाखाली भक्तांनी लिहिलेल्या नामजपाच्या वह्या ठेवायच्या होत्या. समितीने छापील वह्या वाटल्या, शंभर पाने, प्रत्येक पानावर एकशे आठ चौकोन, एका चौकोनात एकदा नाव लिहायचे. मी वही घेतली आणि मनात अट घातली. ठरल्या रविवारपर्यंत ही पूर्ण झाली तर महाराज मला यातून काढतील. नाही झाली तर हे काम माझ्याच्याने होणार नाही असे समजून राजीनामा द्यायचा आणि मुलाबाळांना घेऊन गावी जायचे. राजीनामा मी लिहूनही ठेवला, फक्त तारीख घालायची बाकी होती.

पहिले आठ-दहा दिवस फार चांगले गेले. सकाळी अंघोळ करून चार पाने लिहायचो आणि हात हलका व्हायचा. मग एक दिवस लिहिताना मन कारखान्यात गेले, आणि शंका आली की मन नसताना लिहिलेले नाव मोजायचे का? नाही मोजायचे, असे मीच ठरवले आणि पानावर फुली मारून ते पुढच्या पानावर पुन्हा लिहिले. त्यातही एक अक्षर पुसट वाटले. पुन्हा फुली. थोड्याच दिवसांत मी वही लिहीत कमी आणि तपासत जास्त होतो. पत्नीने मागून पाहिले आणि म्हणाली, “देवाचं नावसुद्धा पॅकिंगला लावलंत तुम्ही.” मला राग आला. ती खरे बोलली म्हणून आला, हे आज लिहिता येते.

तो रविवार उजाडला तेव्हा वहीत एकोणचाळीस पाने मला मान्य असलेली, बेचाळीस फुली मारलेली आणि एकोणीस कोरी होती. वह्या संध्याकाळी सहापर्यंत द्यायच्या होत्या. माझी पहिली पाळी होती. वही आणि राजीनामा दोन्ही पिशवीत घेऊन मी गेलो. तीनला सही केली, बाहेर पडलो, आणि रस्त्यावरच्या मोठ्या चिंचेखाली येताच शेवटचे खोके आठवले. सायकल वळवली, जाऊन पाहिले, चिठ्ठी बरोबर. परत निघालो. चिंचेखाली पुन्हा तेच. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा चिंचेखाली हँडल वळवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळपासून पोटात काही नव्हते. सायकल कलंडली आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो.

समोर दुसऱ्या एका कारखान्याचे गेट होते. तिथला वॉचमन उठून आला. साठीच्या पुढचा, काटक, खांद्यावर हिरवा पंचा. त्याने सायकल उचलून झाडाला टेकवली, लोट्यातून पाणी दिले, गुळाचा खडा हातावर ठेवला. डोळे स्थिर झाल्यावर मी उठू लागलो.

“कुठे निघालात सायकलवाले? परत कारखान्यात?”

“जरा काम राहिलंय.”

“किती वेळा राहतं हो तुमचं काम? चार दिवस बघतोय, याच झाडाखाली वळता.”

मी म्हणालो, “एखाद वेळी वळलो असेन.”

“आज तिसरी. मोजायला मलाही येतं.” त्याने विडी पेटवली. “मी आधी रेल्वेत होतो. पालघरकडे, सिग्नलच्या केबिनमध्ये. एकदा सिग्नल बदलायचा लिव्हर चुकता चुकता राहिला. काही झालं नाही, गाडी नीट गेली. पण माझं डोकं तिथेच थांबलं. घरी जेवायला बसायचो आणि ताटावरून उठून केबिनवर जायचो. लिव्हर हात लावून बघायचो.”

वर्षभरात माझ्या मनातले माझ्याआधी दुसऱ्याने बोलून दाखवल्याची ही पहिली वेळ होती.

“मग?”

“मग काय, रेल्वेच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. मी म्हटलं, मी काय वेडा आहे? तो म्हणाला, वेडा असतास तर लिव्हर नीट लावून आला नसतास. सव्वा वर्ष गोळ्या घेतल्या. लाजायचं काय त्यात, खोकल्याला घेतोच की.” मग विडीची राख झटकून म्हणाला, “आणि त्याने एक सांगितलं. पुढच्या पाळीच्या रिलीव्हरने सही केली की लिव्हर त्याचा. तुला जावंसं वाटेल, वाटू दे. फक्त जायचं नाही.”

काय वाटले कोण जाणे, मी त्याला वहीचे सांगितले, अटीचे सांगितले आणि पिशवीतल्या कागदाचेही. अनोळखी माणसाला इतके मी कधी बोललो नव्हतो. त्याने सगळे ऐकून घेतले.

“ही अट कोणी घातली? दत्ताने?”

“नाही. मी.”

“मग त्याला बिचाऱ्याला कशाला अडकवता?” तो म्हणाला. “आता असं करा. परत जायचं तर मी अडवणारा कोण? पण आधी इथे बसा. वळायचं नाही आणि पुढेही जायचं नाही. नुसतं बसा. चार्ज दत्ताला देऊन टाका.”

मी बसलो. घड्याळात तीन वाजून बावन्न मिनिटे झाली होती. पहिली काही मिनिटे फार वाईट गेली. ते खोके डोळ्यांसमोरून हलत नव्हते, चुकीच्या चिठ्ठ्या चौदाच्या चाळीस झाल्या असतील असे वाटत होते. माझ्या तोंडात नाव होते, पण या वेळी मी मोजत नव्हतो. मोजण्याइतके त्राणच नव्हते. म्हातारा शेजारी विडी ओढत होता, मधूनच येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करत होता. मग कधीतरी माझ्या लक्षात आले की मी चिंचेवरच्या पोपटांकडे बघतो आहे. घड्याळ पाहिले, चार वाजून चौदा. बावीस मिनिटे. शंका गेली नव्हती, पण तिचा आवाज खाली आला होता, जणू कोणी शेजारच्या खोलीत बोलत असावे. मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो तर तो चटकन मागे सरला. “जा आता. लाइन क्लियर आहे,” असे म्हणून त्याने खांद्यावरचा हिरवा पंचा हातात घेऊन हलवला.

मी वळलो नाही. नदीचा पूल ओलांडला, टोकरखाड्यात आलो, थेट मंदिराच्या मांडवात गेलो. वह्या घ्यायला आमच्याच चाळीतल्या शिक्षिका बसल्या होत्या. मी वही पुढे केली आणि म्हणालो, “वहिनी, अपूर्ण आहे. फुल्याही आहेत.” त्यांनी ती न उघडताच गठ्ठ्यावर ठेवली. “पूर्ण कोणाची असते, भाऊ? जरा ही सुतळी धरा, एकटीने गाठ बसत नाही.” मी सुतळी धरली. त्यांनी गाठ मारली आणि माझी वही चाळीसेक वह्यांत दिसेनाशी झाली. घरी जाऊन मी तो कागद पत्नीच्या हातात दिला. तिने वाचला, चुलीत घातला आणि माझे ताट वाढले. त्या दिवशी मी पोटभर जेवून उठलो.

पुढचे सगळे हळूहळू झाले. आम्ही दोघे सुरतला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी या दुखण्याचे नाव सांगितले, तेव्हा पत्नीला रडू आले. नाव आहे म्हणजे इतरांनाही होते, म्हणजे हे आपल्याच घरावर आलेले नाही, असे तिला वाटले. गोळ्या मी चौदा महिने घेतल्या. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर मॅनेजरसाहेबांना सांगायला मला आणखी तीन आठवडे लागले. ते म्हणाले, “पहेलां केम ना बोल्या?” म्हणजे आधी का नाही बोललात, आणि चिठ्ठीवर दोन माणसांच्या सह्या असाव्यात असा नियम केला. चूक एकट्या माणसाच्या डोक्यावर बसू नये हे त्यांना सांगताच कळले. मी सांगत नव्हतो, एवढेच. जोडीदारालाही सांगितले. त्यानंतर त्याने घर भाड्याने देण्याची थट्टा केली नाही. तीन वाजले की तो माझी पिशवी उचलून माझ्या हातात देई.

तो वॉचमन देव होता असे मी म्हणत नाही. त्याच्या विडीचा वास मला आठवतो, आणि त्याला दमा होता. पुढे दोन वर्षे रोज तीन-दहाला मी चिंचेखालून जाताना तो हिरवा पंचा हलवायचा. मग तो मुलाकडे गावी गेला. जाण्याआधी मी त्याला मंदिरातला प्रसाद नेऊन दिला होता, तो त्याने गुळाच्या डबीत ठेवला. मी इतकेच म्हणेन की मी महाराजांना वाट विचारत होतो आणि ज्या झाडाखाली मी रोज वळत होतो तिथेच त्यांनी एक माणूस बसवला होता, ज्याला माझे दुखणे आधी झाले होते.

शरण जाणे म्हणजे खूप काही करणे, असे मी समजत होतो. इतकी नावे, इतकी पाने, एकही अक्षर पुसट नको. आता वाटते, आपले काम नीट करावे, सही करावी आणि हात काढून घ्यावा. हात काढणे हेच मला जमत नव्हते. अजूनही कधी कधी जमत नाही. तेव्हा मी थांबतो, घड्याळ बघतो, बसून राहतो.

त्या रविवारच्या शेवटच्या खोक्याची चिठ्ठी तिसऱ्यांदा मी पाहिलीच नाही. माझी वही आता दत्ताच्या आसनाखाली आहे. तीत एकोणचाळीस पाने माझ्या मते चांगली, बेचाळीस फुली मारलेली आणि एकोणीस कोरी. मूर्तीचे वजन सगळ्या पानांवर सारखेच पडते.