रश्श्याचं वर्णन

वेबसाइट अंधांनाही वापरता यावी, हे मी कोल्हापुरात डिझायनरांना शिकवते. प्रत्येक फोटोमागं वर्णन लिहा, संगणक ते वाचून दाखवतो, हे सांगून सांगून माझा घसा बसला. तरी एका खानावळीच्या साइटवर पठ्ठ्यांनी सगळीकडं नुसतं ‘फोटो’ लिहिलं. मी सगळ्यांना फैलावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी साइट तपासायला माझे अंध काका आले. संगणक बोलू लागला, “तांबडा रस्सा. वर लालभडक कटाचा थर. नुसत्या वासानं कपाळाला घाम फुटतोय.”

डिझायनर माझ्याकडं ऐटीत बघू लागले. काका आवंढा गिळून उठलेच.

“नाद खुळा! चला की! खानावळ कुठं हाय?”

मी पुढची कळ दाबली. संगणक म्हणाला, “पत्ता. फोटो.”